‘बिलवाली ताई’ गेल्यानंतर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिक शहरात आणि जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात रुग्णहक्कांसाठी आठ वर्षे काम करणारी एक कार्यकर्ती गेल्या महिन्यात वयाच्या एकतिसाव्या वर्षी, कसलाही आजार अंगावर नसताना, अवघ्या अठरा तासांत गेली. तिच्या आईने नाव न लिहिण्याच्या अटीवरच या पत्राला संमती दिली आहे आणि ती अट मी पाळणार आहे. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून नाशिकला रुग्ण घेऊन येणाऱ्या आणि सातपूर-सिडकोच्या कामगार वस्तीत राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांना ती ‘बिलवाली ताई’ म्हणूनच ठाऊक होती. मी कोणाविषयी लिहितो आहे हे त्यांना कळेल. ज्यांना ती ठाऊक नव्हती, त्यांच्यासाठी हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

मी एका सहकारी बँकेच्या अंतर्गत हिशेब तपासणी विभागातून २०१६ मध्ये निवृत्त झालो. उभी नोकरी इतरांचे आकडे तपासण्यात गेली, पण सप्टेंबर २०२० मध्ये माझा धाकटा भाऊ करोनामुळे एका खासगी रुग्णालयात अकरा दिवस होता, तेव्हा त्याच्या बिलातील शेवटची रक्कम सोडून एकही ओळ मी वाचली नव्हती. भाऊ जिवंत घरी आला, यापलीकडे त्या दिवसांत काही सुचतच नव्हते. भावजयीने कोणाकडून तरी या ताईचा क्रमांक मिळवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती आमच्या व्हरांड्यात, दोन हात अंतर ठेवून, प्लास्टिकच्या पिशवीतले कागद काढून बसली. तिने आधी बिल मागितले नाही. राज्य सरकारच्या २१ मे २०२० च्या अधिसूचनेची प्रत तिने माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “काका, आधी हे वाचा, मग आपण बिल वाचू.”

त्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी दर ठरवून दिले होते: साध्या विलगीकरण कक्षासाठी दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरविना अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. हे आकडे तेव्हा बहुतेकांना माहीत होते. माहीत नव्हते ते हे, की त्या ४,००० रुपयांत खाट, शुश्रूषा, डॉक्टरांची भेट, जेवण, रक्त-लघवीच्या साध्या तपासण्या, एक्स-रे, ईसीजी आणि नेहमीची औषधे हे सगळे धरलेले होते. पीपीई किट, सीटी स्कॅन, एमआरआय आणि टोसिलीझुमॅबसारखी महागडी औषधे अशा काही बाबी वेगळ्या लावता येत होत्या. भावाच्या बिलात रोजच्या ४,००० शिवाय शुश्रूषेचे ८००, डॉक्टरांच्या भेटीचे १,५०० आणि जेवणाचे ३५० रुपये होते. अकरा दिवसांचे हे २९,१५० रुपये तिने पेन्सिलीने समासात मांडले, आणि बँकेत ज्याने अशी शेकडो पाने तपासली त्या मला ते तिने मांडल्यावर दिसले. महापालिकेने नेमलेल्या लेखापरीक्षकाकडे आम्ही दोन पानी अर्ज दिला. तेवीस दिवसांनी रुग्णालयाने ती रक्कम धनादेशाने परत केली.

मात्र माझ्या मनात राहिली ती वेगळी गोष्ट. आम्हा घरच्यांचा खरा राग सीटी स्कॅनच्या रकमेवर होता. तिने तो आकडा पाहिला आणि हे शुल्क नियमाप्रमाणे वेगळे घेता येते, ते तक्रारीत घालू नका, असे स्पष्ट सांगितले. भावजयीला ते रुचले नाही. पण जी बाब खरी आहे ती खरी म्हणून सोडून दिली, तरच उरलेल्या बाबींवर कोणी विश्वास ठेवतो, हे हिशेब तपासनिसाला वेगळे सांगावे लागत नाही, आणि या मुलीला ते सव्विसाव्या वर्षी कळले होते. पुढच्या रविवारपासून मी तिच्या मदतीला जाऊ लागलो.

या कामाकडे ती कशी वळली, हे तिने मला बऱ्याच उशिरा सांगितले. तिचे वडील सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात टर्नर होते. ती महाविद्यालयात असताना तिच्या आईच्या गर्भाशयाची शस्त्रक्रिया एका खासगी रुग्णालयात झाली आणि त्यासाठी वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलली, शिवाय गावाकडच्या नातेवाइकांकडून उसने घेतले. त्या काळात त्यांच्या पगारातून दर महिन्याला कामगार विम्याची वर्गणी कापली जात होती. त्या वर्गणीत पत्नीचे उपचारही येतात, हे कारखान्यात, रुग्णालयात किंवा शेजारीपाजारी कोणीही त्यांना सांगितले नाही, आणि त्यांनीही विचारले नाही, कारण पगारपत्रकातील ती कपात कशाची, हेच त्यांना माहीत नव्हते. पुढे समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेताना एका व्याख्यानात तिला हे कळले. त्या दिवशी ती घरी गेली तेव्हा वडिलांना ते सांगावे की नाही, हे ठरवण्यात तिची संध्याकाळ गेली. तिने सांगितले नाही. ते कर्ज फिटल्यावर, चार वर्षांनी सांगितले.

शालीमारजवळ एका परिचिताच्या दुकानाच्या ओट्यावर रविवारी सकाळी नऊ ते दुपारी एक ती बसत असे. जागा तिने विचारपूर्वक निवडली होती. संदर्भ सेवा रुग्णालय जवळ, जिल्हा रुग्णालयातून आणि मध्यवर्ती बसस्थानकातून चालत येण्यासारखे, आणि रविवारी दुकान बंद असल्यामुळे कोणाची अडचण नाही. समोर बसलेल्याला ती आजाराविषयी काही विचारत नसे. पगारातून विम्याची कपात होते का, घरात कोणत्या रंगाची शिधापत्रिका आहे, आणि रुग्ण जेथे दाखल आहे ते रुग्णालय सार्वजनिक न्यासाचे, म्हणजे धर्मादाय, आहे का, एवढेच ती विचारी. या तीन उत्तरांवरून पुढचा रस्ता ठरे. न्यासाचे रुग्णालय असेल तर सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ एए आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार तेथील १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात असायला हव्यात. हा कायदा १९५० चा आणि योजना वीस वर्षांची जुनी. तरी त्या ओट्यावर आलेल्या माणसांपैकी ती आधीपासून माहीत असलेला एकही माणूस माझ्या आठवणीत नाही.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे तर तिला पाठच होते. राजीव गांधी यांच्या नावाने जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना पुढच्या वर्षी राज्यभर आली, २०१७ मध्ये तिचे नाव बदलले, आणि दीड लाखाची मर्यादा वाढून जुलै २०२४ पासून प्रत्येक शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. शुभ्र शिधापत्रिकावाल्यांनाही आता ती लागू आहे, हे ती मध्यमवर्गीयांना आवर्जून सांगे, कारण ‘ती योजना आपल्यासाठी नसते’ असे समजून गंगापूर रोडवरील कित्येक घरे ठेवी मोडतात. आदिवासी तालुक्यांतून येणाऱ्यांची अडचण वेगळीच असे. आधार कार्डावर आजोबांचे नाव मधले, शिधापत्रिकेवर वडिलांचे. मुलाचे नाव अजून शिधापत्रिकेवर चढलेलेच नाही. आणि रुग्ण तर रात्री अकरा वाजता दाखल करायचा. अशा वेळी तातडीची बाब म्हणून दूरध्वनीवरून मान्यता घेण्याची सोय योजनेतच आहे आणि त्या कामी रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, मदत करतो. अनामत भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठा, हे वाक्य तिने एवढ्या लोकांना सांगितले असेल की आम्ही तिच्याबरोबर बसणारे ते झोपेतही म्हणू शकू.

आणि तरीही, योजनांची माहिती देणारी कार्यकर्ती एवढीच तिची ओळख उरली तर तो तिच्यावर अन्याय होईल. तिला व्यवस्था बदलायला हवी होती आणि त्याविषयी तिची मते पक्की होती. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. हा बदल चांगला आहे हे ती मान्य करी. पण त्याच वेळी विचारी की शंभरातले एकोणचाळीस रुपये आजही आजारी माणसाच्या घरातून येत असतील, तर ते नेमके कोणत्या घरातून येतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते, याची ती प्रत्येक बैठकीत आठवण देई. राजस्थान विधानसभेने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा मंजूर केला तेव्हा तिने त्याचा मसुदा मिळवून आम्हाला ओट्यावर वाचून दाखवला होता, आणि तेथील डॉक्टरांचे आंदोलन का झाले, तातडीच्या मोफत उपचारांचे पैसे त्यांना कोण आणि केव्हा देणार हा त्यांचा प्रश्न कसा रास्त आहे, हेही त्याच बैठकीत सांगितले होते.

२१ एप्रिल २०२१ हा दिवस नाशिककर विसरणार नाहीत. महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि त्या दिवशी २२ रुग्णांचे प्राण गेले. त्यानंतरच्या रविवारी ओट्यावर आलेल्या काही जणांनी सरकारी रुग्णालयात पाऊल ठेवणार नाही असे म्हटले. तिने वाद घातला नाही. पण त्या दुपारी सगळे गेल्यावर ती म्हणाली की सरकारी रुग्णालयावरचा राग लोकांना खासगी रुग्णालयाच्या दारात नेऊन सोडतो आणि तेथे पैसे संपले की तीच माणसे पुन्हा सरकारी रुग्णालयाच्या दारात येतात. तोपर्यंत तेथे सुधारणा मागणारे कोणी उरलेले नसते. सार्वजनिक रुग्णालये नीट चालावीत हीच पहिली मागणी आणि बिलांचे काम त्यानंतरचे, असा क्रम तिने त्या दिवसानंतर कायम ठेवला.

डॉक्टरांविरुद्ध ती कधी बोलली नाही. रुग्णाचे नातेवाईक संतापून चारपाच जण जमवून निघाले आहेत असे कळले, तर ती स्वतः रुग्णालयाच्या फाटकाशी जाऊन त्यांना थांबवी. तिच्याकडे येणाऱ्या शंकांपैकी निम्म्यांची उत्तरे शहरातील दोन-तीन डॉक्टरच तिला दूरध्वनीवर समजावून सांगत. त्यातील एकजण तिच्या अंत्ययात्रेत वैकुंठरथामागे शेवटपर्यंत चालत आले होते.

आता या पत्राच्या मुख्य कारणाकडे येतो. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे खासगी रुग्णालयांसाठी १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदाच चालतो. त्या कायद्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने मोठी सुधारणा केली. प्रत्येक खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि खाटेचे भाडे, डॉक्टरांच्या भेटीचे शुल्क, शुश्रूषा, ऑक्सिजन यांसह १५ सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावायचे आहे, आणि नोंदणी करणाऱ्या स्थानिक प्राधिकरणाने टोल-फ्री क्रमांकासह तक्रार निवारण कक्ष चालवायचा आहे. शहरात हे प्राधिकरण म्हणजे महापालिका, ग्रामीण भागात जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा. गेली तीन वर्षे तिचा सगळा भर या एका गोष्टीवर होता. रुग्णाला भेटायला म्हणून ज्या ज्या रुग्णालयात ती जाई, तेथे दरफलक आहे का, असल्यास कोठे आहे, मराठीत आहे का, उभ्या माणसाला वाचता येईल एवढ्या उंचीवर आहे का, याची नोंद ती वहीत करी. काही ठिकाणी फलक अगदी व्यवस्थित होते आणि त्यांचीही नोंद तिने तितक्याच आनंदाने केली आहे. एका ठिकाणी फलक होता, पण त्याच्यापुढे औषधाच्या खोक्यांची रास होती. तिने त्या रुग्णालयाच्या व्यवस्थापकांना खोकी हलवायला स्वतः मदत केली.

तिच्या मृत्यूविषयी दोन शब्द लिहायला हवेत, कारण वस्तीत नाना तऱ्हेच्या चर्चा झाल्या. मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगवटा फुटला. मंगळवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात डोके धरून ती खाली बसली, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका वेळेवर आली, जवळच्या खासगी रुग्णालयाने पैशाची वाट न पाहता उपचार सुरू केले, मेंदूविकार तज्ज्ञ रात्रभर थांबले. कोठेही हयगय झाली नाही, असे तिच्या वडिलांनी मला दोनदा सांगितले, आणि ते येथे लिहावे असेही सांगितले. बुधवारी दुपारी ती गेली. कागदपत्रे पूर्ण होत असताना तिचे वडील बिलाच्या खिडकीपाशी उभे होते. ज्यांनी पगारपत्रकातील कपात कशाची हे आयुष्यात कधी विचारले नव्हते, त्या गृहस्थांनी तेथील मुलाला शांतपणे सांगितले, “बाबा, बिल तपशीलवार द्या, एकेक बाब वेगळी लिहून.” त्या मुलाने ते लगेच दिले. त्यात काढण्यासारखे काही नव्हते. तरी वडिलांनी ते सगळे, चष्मा पुसत पुसत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. मी शेजारी होतो. मला ते बघवले नाही.

हुतात्मा स्मारकात झालेल्या शोकसभेत तिच्या नावाने पुरस्कार द्यावा, एखाद्या चौकाला नाव द्यावे, अशा सूचना आल्या. सूचना करणाऱ्यांच्या भावनेविषयी मला आदर आहे. पण आम्ही तिच्याबरोबर काम करणारे एका गोष्टीचे दोषी आहोत आणि ते त्या सभेत कोणीच बोलले नाही. ती रात्री दोन वाजता दूरध्वनी उचलते याचे आम्ही कौतुक करत राहिलो, आणि तो दूरध्वनी आठवड्यातून एक रात्र तरी आपल्याकडे असावा असे पाच वर्षांत आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. तिचा मृत्यू त्यामुळे झाला नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट केले आहे. पण ती गेल्यावर तो क्रमांक आठ दिवस वाजत राहिला, तो त्यामुळेच. पलीकडे रुग्णालयात माणसे होती आणि अलीकडे तिची आई होती.

म्हणून महापालिकेच्या आणि जिल्हा प्रशासनाच्या आरोग्य विभागाला माझी जाहीर विनंती आहे की तक्रार निवारण कक्षाचा टोल-फ्री क्रमांक प्रत्येक रुग्णालयाच्या दरफलकावर ठळक छापला जावा, तो रात्रीही उचलला जावा, आणि दर तीन महिन्यांनी किती तक्रारी आल्या व किती निकाली निघाल्या हे आपल्यासारख्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध व्हावे. रुग्णालयाच्या नोंदणीचे नूतनीकरण दर तीन वर्षांनी होते; त्या वेळी फलक प्रत्यक्ष पाहून मगच सही व्हावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. तिने या मागणीचे निवेदन वर्षभरात चार वेळा दिले होते. पोचपावत्या माझ्याकडे आहेत. पाचवे निवेदन गेल्या सोमवारी आम्ही सात जणांनी दिले.

तिच्या वडिलांनी तिच्या नोंदींच्या अकरा वह्या माझ्याकडे सोपवल्या आहेत. त्यांत अपूर्ण असलेली चौदा प्रकरणे आम्ही वाटून घेतली आहेत. एका प्रकरणात रुग्णाच्या उपचारांच्या कागदपत्रांची प्रत मागणारा अर्ज तिने स्वतः, गेली त्याच्या आदल्या दिवशी, दिला होता. मागणी केल्यापासून ७२ तासांत अशी प्रत मिळायला हवी, असे डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांत आहे. त्या नोंदीपुढे तिने शुक्रवारची तारीख लिहून कंसात ‘जाऊन आणणे’ असे लिहिले होते. तेराव्यानंतर मी जाऊन ती प्रत आणली आणि सुरगाण्याला पोचती केली.

रविवारचा ओटा त्याच वेळेत सुरू आहे. मात्र तिच्या पिशवीत तीन कुटुंबांच्या मूळ शिधापत्रिका राहिल्या आहेत, आणि वहीत त्यांच्यापुढे गावाचे नाव आहे पण दूरध्वनी क्रमांक नाही: एक पेठ तालुक्यातील, एक हरसूलजवळच्या पाड्यावरची, एक अंबडच्या कामगार वस्तीतील. आम्ही दोनदा जाऊन आलो, घरे सापडली नाहीत. अंबडचे कुटुंब बहुधा खोली बदलून गेले असावे. शिधापत्रिकेवाचून त्यांचे धान्यही अडले असेल. हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कोणी त्यांना ओळखत असेल, तर शिधापत्रिका सुरक्षित आहेत आणि कोणत्याही रविवारी सकाळी ओट्यावर येऊन घेऊन जाव्यात, एवढा निरोप कृपया त्यांना पोचवावा.

आपला नम्र,
एक निवृत्त हिशेब तपासनीस
इंदिरानगर, नाशिक